खिंडीमागची खिंड : मनाली–लेह सायकल सहल आणि वैद्याची स्वाक्षरी

अलीकडच्या काळात आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या मंडळींमध्ये एका नव्या वर्गाची भर पडलेली आहे. ही मंडळी रूढ अर्थाने रुग्ण नव्हेत. वय चाळीस ते साठच्या दरम्यान, व्यवसाय स्थिरस्थावर, मुले मार्गी लागलेली, पहाटे उठून सायकलवर पन्नास-साठ कि.मी. फेरी मारून येणारी अशी ही माणसे. त्यांच्या हाती एक छापील नमुना असतो. हिमालयातील उंच खिंडी ओलांडणाऱ्या आठ-दहा दिवसांच्या सायकल सहलीसाठी आपण सक्षम असल्याचे प्रमाणपत्र त्यांना हवे असते. नाडी पाहावी, रक्तदाब मोजावा आणि सही करावी, इतकीच त्यांची अपेक्षा असते. सही करण्यापूर्वी ही सहल नेमकी काय आहे, ती शरीराकडून काय मागते आणि कोठे घात करू शकते, याची माहिती वैद्याला असणे अगत्याचे आहे. अशा एका तुकडीसमवेत, काही भाग सायकलवर व काही भाग पाठराखणीच्या वाहनात बसून, मनाली ते लेह हा मार्ग प्रस्तुत लेखकाने अनुभवला. त्या अनुभवाच्या आधारे व्यवसायबंधूंसमोर व औषधालयचालकांसमोर काही विचार मांडत आहे.

सहलीचे स्वरूप

मार्गदर्शकासह केलेल्या सायकल सहलीत स्वाराला केवळ सायकल चालवायची असते. सामान, तंबू, शिधा आणि सायकलीचे सुटे भाग वाहनातून पुढे जातात. तुकडीच्या अग्रभागी वाट जाणणारा मार्गदर्शक असतो, शेवटच्या स्वाराच्या मागे एक साहाय्यक असतो, आणि त्याच्याही मागे पाठराखणीचे वाहन. दमलेल्या स्वाराला सायकलसह उचलून घेणे हे त्या वाहनाचे काम. स्वयंपाकी व सायकल दुरुस्त करणारा कारागीर सोबत असतातच. ही व्यवस्था सोयीची खरी, पण तिचा एक सूक्ष्म दोष असा की, सर्व काही दुसरा कोणी पाहत असल्याने स्वार स्वतःच्या शरीराकडे लक्ष देणे सोडून देतो. शिवाय पैसे आधी भरलेले असतात, रजा मोजून घेतलेली असते आणि सोबतचे अकरा जण पुढे निघालेले असतात. अशा वेळी ‘मला बरे वाटत नाही’ हे वाक्य घशातच अडकते.

मार्ग आणि उंची

मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथून लेहपर्यंतचा जुना रस्ता सुमारे ४७५ कि.मी. भरतो. पहिली खिंड रोहतांग, उंची ३,९७८ मीटर. मनालीहून तिच्या माथ्यापर्यंत ५१ कि.मी.चा अखंड चढ आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ कि.मी. लांबीचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि मालमोटारींची वर्दळ तिकडे वळली. सायकल तुकड्या मात्र आजही खिंडीवरचा जुना रस्ताच धरतात, आणि शरीराला उंचीची ओळख व्हावी या दृष्टीने ते इष्टही आहे.

रोहतांग उतरल्यावर चंद्रा नदीचे खोरे लागते. तांदी येथे चंद्रा व भागा यांचा संगम होतो. पुढे भागेच्या काठाने केलाँग, जिस्पा, दारचा अशी गावे मागे पडतात. जिस्पाची उंची सुमारे ३,२०० मीटर. येथवरचा प्रवास रम्य, शेते हिरवी, वस्ती आतिथ्यशील. झिंगझिंगबारपासून (सुमारे ४,२७० मीटर) निसर्गाचे रूप पालटते. त्यानंतर बारालाचा ला (४,८९० मीटर), सरचूचे पठार (सुमारे ४,३०० मीटर), एकवीस वळणांचे गाटा लूप्स, नकी ला, लाचुंग ला (सुमारे ५,०६० मीटर), पांगचा तळ (सुमारे ४,६०० मीटर), मोरे मैदानाचा सुमारे ४० कि.मी.चा सपाट पट्टा आणि शेवटी टांगलांग ला (५,३२८ मीटर). तेथून रुमत्से, उपशी आणि सिंधूच्या काठाने लेह, उंची सुमारे ३,५०० मीटर. अनेक तुकड्या पुढे खारदुंग ला हीदेखील करतात. तेथील फलकावर १८,३८० फूट ही उंची वर्षानुवर्षे मिरविली गेली. प्रत्यक्ष मोजणीत ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट भरते.

रस्त्याचा चढ स्वभावतः तीव्र नाही. लष्कराच्या जड वाहनांसाठी आखलेला असल्याने तो बहुतांशी शेकडा चार-सहाच्या दरम्यान राहतो. आपल्याकडील सिंहगडाचा रस्ता त्याहून पुष्कळ खडा आहे. त्यामुळे सह्याद्रीतील घाटांत तयार झालेल्या स्वाराला पायांच्या बळाची चिंता नसते. परंतु महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई अवघे १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजेच पाय महाराष्ट्रात तयार होऊ शकतात, पण उंचीची सवय महाराष्ट्रात होऊ शकत नाही. ही एक गोष्ट वैद्याने प्रत्येक इच्छुकास स्पष्ट शब्दांत सांगितली, तरी निम्मे काम झाले.

उतरण्यासाठी चढावे लागते

उंचीच्या विकारांवरील मुख्य उपाय म्हणजे खाली उतरणे, हे सर्वश्रुत आहे. या मार्गाची खरी अडचण तेथेच आहे. सरचूच्या पठारावर रात्री एखाद्याची प्रकृती बिघडली, तर मागे जाण्यासाठी ४,८९० मीटरची बारालाचा ला पुन्हा चढावी लागते. पुढे जावे, तर नकी ला व लाचुंग ला वाट अडवून उभ्या. पांगचीही तीच गत, एका अंगास लाचुंग ला आणि दुसऱ्या अंगास टांगलांग ला. झिंगझिंगबारपासून रुमत्सेपर्यंतच्या दोनशेहून अधिक कि.मी.च्या टापूत रस्ता सुमारे ४,२०० मीटरच्या खाली फारसा उतरतच नाही. सायकलस्वाराला हा टापू ओलांडण्यास तीन ते चार दिवस लागतात. खिंडीमागे खिंड अशी ही रचना असल्याने आजारी माणसाला खाली आणण्यासाठी आधी वर न्यावे लागते, आणि तेवढ्या वेळात विकार बळावतो.

यातून निघणारा निष्कर्ष सोपा आहे. पुढे जावे की न जावे, याचा निर्णय सरचूला घ्यावयाचा नसून जिस्पाला घ्यावयाचा असतो. जिस्पाहून खाली उतरणारी वाट मोकळी आहे. भागेच्या काठाने तांदी, तेथून बोगद्यातून मनाली, असा प्रवास वाहनाने काही तासांचा. जिस्पा हा या मार्गाचा उंबरठा होय. चांगल्या आयोजकाच्या कार्यक्रमात येथे किंवा केलाँगला एक पूर्ण विश्रांतीचा दिवस असतो. ज्या कार्यक्रमपत्रिकेत तो दिवस नाही, ती पत्रिका कितीही देखणी असली, तरी वैद्याने तिच्यावर बोट ठेवावे.

प्राणवायूचे गणित

साडेपाच हजार मीटरच्या आसपास वायुमंडलाचा दाब, आणि त्याबरोबर प्राणवायूचा दाब, समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. शरीर श्वासाची गती वाढवून, मूत्रावाटे क्षार टाकून आणि पुढे रक्तकणांची संख्या वाढवून या स्थितीशी जुळवून घेते. परंतु त्यास काही दिवस लागतात. तेवढा अवधी न दिल्यास शिरःशूल, अरुची, हृल्लास, छर्दी, अनिद्रा व भ्रम ही लक्षणे दिसतात. ही झाली विकाराची सौम्य अवस्था. तिच्याकडे दुर्लक्ष करून चढणे चालू ठेवल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत द्रव साचण्याचा संभव असतो. विश्रांतीतही लागणारी धाप, कोरडा व पुढे फेसाळ खोकला, ही फुप्फुसविकाराची चिन्हे. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता न येणे, बोलण्यात असंबद्धता, ही मेंदूविकाराची चिन्हे. या दोन्ही अवस्था प्राणघातक आहेत.

या विषयाच्या अभ्यासात भारताचे योगदान मोठे आहे. फुप्फुसविकाराकडे चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये पाश्चात्त्य वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. १९६२ च्या युद्धानंतर भारतीय सैनिक मोठ्या संख्येने हिमालयात उंचीवर नेले गेले. लष्करी वैद्यक इंदरसिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला प्रबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तो आजही मूलभूत मानला जातो. हे सैनिक तरुण व कसलेले होते, हे लक्षात घ्यावे. शरीरसामर्थ्य हे उंचीच्या विकारापासून कवच ठरत नाही. उलट बलवान मनुष्य भराभर चढतो आणि म्हणून अधिक धोक्यात येतो.

आजचा सर्वमान्य दंडक असा की, ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये व दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस ठेवावा. जिस्पा ते सरचू या दोन मुक्कामांतील फरक ११०० मीटर आहे. मध्ये दारचाच्या पुढे एक मुक्काम घातला, तरी दंडक कसाबसाच पाळला जातो. म्हणूनच या मार्गावर सावधगिरीला पर्याय नाही.

जिस्पाचा एक प्रसंग

आमच्या तुकडीत पन्नाशीचे एक औषधालयचालक होते. तयारी सर्वांत उत्तम, रोहतांगच्या माथ्यावर पहिले पोहोचलेले. जिस्पाला पहिल्या रात्री त्यांचे डोके दुखू लागले व त्यांनी जेवण टाळले. दुसरा दिवस विश्रांतीचा होता. सायंकाळपर्यंत शिरःशूल कायम राहिला आणि एकदा वांती झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे तुकडी निघावयाची होती. त्यांनी प्रस्तुत लेखकास एकांतात गाठून दोन मागण्या केल्या. एक, वेदना थांबेल असे काही द्यावे. दोन, ‘पित्त झाले आहे’ असे मार्गदर्शकाला सांगावे.

पित्तवृद्धीची लक्षणे त्यांच्यात नव्हती असे नव्हे. अपथ्य, उपवास, ऊन आणि श्रम या सर्वांचे निदान मांडता आले असते. परंतु उंचीवर उत्पन्न झालेला शिरःशूल हा दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत उंचीचाच मानावा, असा नियम आहे. वेदनाशमन करून त्यांना पुढे पाठविणे म्हणजे धूर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेण्यासारखे झाले असते. ‘तुम्ही माझे ग्राहक नाही, मी तुमचा ग्राहक आहे, तरीही हे मी करणार नाही,’ एवढेच त्यांना सांगितले. लाहौलचाच रहिवासी असलेला तरुण मार्गदर्शक फारसा वाद न घालता म्हणाला, “साहेब, खिंड कुठे जात नाही.” सकाळी एका साहाय्यकासह त्यांना वाहनाने मनालीकडे पाठविण्यात आले. मनालीत पोहोचेपर्यंत शिरःशूल ओसरला आणि रात्री ते पोटभर जेवले. राग मात्र शिरःशुलाइतका लवकर ओसरला नाही. उरलेल्या प्रवासात, विशेषतः सरचूच्या रात्री बोचऱ्या वाऱ्यात तंबू फडफडत असताना, त्यांची जागा रिकामी असल्याचे प्रत्येकाला जाणवत होते. ते तेथे नाहीत याचे समाधानही वाटत होते.

संहितांच्या प्रकाशात

या विकाराचे नामतः वर्णन संहितांमध्ये सापडत नाही. परंतु विकाराला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लज्जित होऊ नये, दोष, अधिष्ठान व हेतू पाहून चिकित्सा करावी, असे आचार्यांनीच सांगून ठेवले आहे. त्याच दृष्टीने पाहता, अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत वाग्भटाचार्यांनी दिलेली तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर व छर्दी ही यादी सायकलस्वाराने तोंडपाठ करावी अशी आहे. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा दंडकही येथे अक्षरशः उपयोगी पडतो. श्वास मुखावाटे सुरू झाला की अर्धी शक्ती संपली, हे सुश्रुताचार्यांचे लक्षण चढावरील स्वाराला कोणत्याही यंत्राविना समजते. अनुभवी मार्गदर्शक जे सांगतात, की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच गतीने चढा, ते याहून वेगळे नाही. मात्र ही साम्ये दाखवून समाधान मानू नये. अतिव्यायाम टाळूनही, वाहनात बसून वर गेलेल्या माणसालाही हा विकार होतो, कारण मुख्य हेतू देश हाच आहे.

हा प्रदेश शीत, रुक्ष आणि वातबहुल. अनाग्नी, अनिद्रा, मलावष्टंभ व त्वचेचे स्फुटन प्रायः सर्वांना जाणवते. अशा वेळी तिळाच्या तेलाचा अभ्यंग, उष्ण व स्निग्ध द्रव आहार, थोडे थोडे व वारंवार खाणे यांचा उत्तम उपयोग होतो. भाजलेल्या यवाचे पीठ आणि लोणी-मीठ घातलेला चहा हा तेथील लोकांचा आहार देशसात्म्याचा आदर्श नमुना आहे. मद्य मात्र पूर्णपणे वर्ज्य करावे.

स्वाक्षरीपूर्वी काय पाहावे

पूर्वी कधी उंचीवर त्रास झाला होता काय, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. ज्याला पूर्वी फुप्फुसविकार झाला, त्याला पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो. रक्तातील हिमोग्लोबिन, हृदयालेख, आणि चाळिशीपुढील व्यक्तीत धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब वा कुलवृत्त असल्यास हृद्रोगतज्ज्ञाकडून श्रमचाचणी करवून घ्यावी. मधुमेही व्यक्तीस दोन गोष्टी सांगाव्यात. इन्सुलिन गोठल्यास निरुपयोगी होते, आणि रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र थंडीत व उंचीवर चुकीचे आकडे दाखवू शकते. मूत्रल औषधे चालू असलेल्यांना जलक्षयाचा धोका असतो.

विदर्भातील व आदिवासी पट्ट्यातील व्यवसायबंधूंनी एक चाचणी आवर्जून करावी, ती म्हणजे सिकलसेलची. सिकलसेलचे केवळ वाहक असलेली व्यक्ती मैदानी प्रदेशात निरोगी आयुष्य जगते. परंतु उंचीवर तिच्या प्लीहेचा रक्तपुरवठा खंडित होऊन तीव्र उदरशूल उद्भवू शकतो. अल्प खर्चाच्या एका चाचणीने हे आधी कळते.

उंचीच्या विकाराच्या प्रतिबंधासाठी आधुनिक वैद्यकात ॲसिटाझोलामाइड हे औषध दिले जाते. सर्वसाधारण मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. सल्फा वर्गाच्या औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावयाची असते. याबाबत आधुनिक वैद्यकाच्या जाणकाराकडे व्यक्तीस पाठविण्यात कमीपणा मानू नये. प्रमाणपत्राची भाषाही तोलून वापरावी. ‘उंचीवर जाण्यास पूर्णतः सक्षम’ असे लिहिण्याऐवजी ‘अमुक दिनांकास केलेल्या तपासणीत प्रतिकूल चिन्ह आढळले नाही’ असे लिहावे. पहिले विधान कोणताही वैद्य प्रामाणिकपणे करू शकत नाही. दुसरे करू शकतो.

औषधपेटी आणि औषधालयचालक

अशा सहलीस निघालेला ग्राहक दुकानात येऊन ‘उंचीसाठी काही आहे का?’ असे विचारतो. शिलाजतू, अश्वगंधा किंवा च्यवनप्राश यांच्या सेवनाने उंचीचा विकार टळतो, असे आश्वासन देण्याजोगा पुरेसा आधार आज आपल्याजवळ नाही. तेव्हा बलवर्धनासाठी घ्यावयाचे तर अवश्य घ्यावे, पण त्याच्या भरवशावर विश्रांतीचा दिवस गाळू नये, इतके सांगावे. अतिसारासाठी अहिफेनयुक्त कल्प आणि निद्रेसाठी शामक द्रव्ये पेटीत घालू नयेत, कारण श्वसन मंद करणारे कोणतेही द्रव्य उंचीवर घातक ठरू शकते. सुंठ, हिंग्वष्टक, त्रिफळा, व्रणासाठी एखादे सिद्ध तूप आणि अभ्यंगासाठी तेल एवढे पुरे. तेलाची काचेची बाटली देऊ नये. प्रत्येक पुडीवर नाव, मात्रा व दिनांक ठळक लिहावा. तुकडीच्या सामायिक सामानात प्राणवायूचा सिलिंडर व बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे यंत्र आहे काय, हेही ग्राहकास आयोजकाकडे विचारावयास सांगावे.

वाटेवरील द्रव्ये आणि ‘आमची’ परंपरा

औषधालयचालकांना या मार्गाचे आणखी एक आकर्षण आहे. लाहौलच्या शेतांत कुष्ठ व पुष्करमूल यांची लागवड होते. आपल्याकडे बाजारात या दोन मुळांची सरमिसळ कशी होते, हे जाणणाऱ्यास ती रोपे शेजारी पाहण्याचा आनंद वेगळाच. कुष्ठाचा समावेश वन्यजाती व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणून लागवडीच्या मालाची कागदपत्रे पाहूनच खरेदी करणे हितावह. नदीकाठी छरम्याची काटेरी झुडपे नारिंगी फळांनी लगडलेली दिसतात.

लडाखमध्ये पारंपरिक वैद्यास ‘आमची’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द जवळचा वाटावा, हा योगायोग. नाते मात्र योगायोगाचे नाही. अकराव्या शतकात रिंचेन झांगपो या भाषांतरकाराने अष्टांगहृदय तिबेटी भाषेत नेले, आणि त्या परंपरेतील सोवा-रिग्पा वैद्यकाने त्रिदोषविचार आजतागायत जपला. २०१० मध्ये या पद्धतीस भारतात कायदेशीर मान्यता मिळाली, तर लेह येथे राष्ट्रीय सोवा-रिग्पा संस्था स्थापण्यास २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. लेहमध्ये विश्रांतीसाठी दोन दिवस काढणाऱ्या वैद्याने एखाद्या आमचीची भेट घेऊन नाडीपरीक्षा व द्रव्यगुण यांवर चर्चा अवश्य करावी.

मध्यमवयात माणसाने शरीर झिजू न देता झिजवावे, डोंगर पाहावेत, थंड वाऱ्यात घाम गाळावा, यात वैद्याला आनंदच आहे. त्यांना रोखणे हे आपले काम नव्हे. कोणत्या मुक्कामापर्यंत परतीची वाट मोकळी आहे आणि कोठून पुढे ती वाट वर चढून जाते, हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगणे हे आपले काम आहे. येत्या उन्हाळ्यात असे नमुने पुन्हा आपल्या टेबलावर येतील. सही करण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीची कार्यक्रमपत्रिका मागून घ्यावी व जिस्पाच्या रकान्यात किती रात्री लिहिल्या आहेत, हे एकवार पाहावे, एवढी विनंती करून हा लेख आवरता घेतो.